खिंडीच्या दोन्ही बाजूंना

तिब्लिसी, ४ डिसेंबर

ईमेदा,

तुझ्यासाठी पाठवलेल्या खोक्यातला एक डबा गोचाने निघायच्या आधीच काढून ठेवला. त्याचं हेलिकॉप्टर सुटायला दहा मिनिटं होती. त्याने खोकं उघडलं, डाळ, साखर, बॅटऱ्या, जखमेचं मलम बाजूला केलं आणि मांसाचा डबा उजेडात धरून वाचला.

"दारो, यात डुक्कर आहे."

"घाईत घेतला रे. पाहिलं नाही."

"सेहेचाळीस वर्षांची बाई, तुशेतीतली, आणि खिंडीपलीकडे डुक्कर पाठवते! त्या पापाने हे यंत्र दरीत कोसळलं असतं तर माझ्या बायकोला काय सांगणार होतीस? लेबल वाचायला वेळ नव्हता म्हणून?"

सामान घेऊन उभे असलेले सगळे हसले. मीही हसले. घरी येताना मात्र हसू आलं नाही. ॲटलसमधल्या ओढ्याचं नावसुद्धा मी तीनदा तपासते आणि भावाला पाठवायच्या डब्यावर नजर टाकत नाही, याचा अर्थ काय तो मी काढत बसले. तू म्हणशील, बसायचंच होतं तर आधी बसायचंस.

तू यंदा खाली उतरणार नाहीस हे मला शाल्वाकडून कळलं. त्याच्याबरोबर तुझीही मेंढरं तोच शिराकीच्या हिवाळी कुरणावर सांभाळतो आहे. तू वर त्साकेरीत एकटा, एक घोडा आणि दोन कुत्री. फेब्रुवारीत कुरण-आयोगाची माणसं वर येऊन कोण राहतं ते बघतील, तोवर उंबरा सोडायचा नाही, असं तू म्हणालास म्हणे. चार महिने बर्फात, शेजारच्या घरात धूर नाही, फोन लागत नाही. हे सगळं आयोगाच्या निकालातल्या एका वाक्यासाठी. ते वाक्य मला पाठ आहे: "आलवानी हे गाव तुशेती प्रदेशाचा भाग नसल्याने, तेथे हिवाळा काढणाऱ्या कुटुंबांना डोंगरातील कायम रहिवासी मानता येणार नाही, सबब उन्हाळी कुरणाच्या कराराचे नूतनीकरण करता येत नाही."

त्याखाली जोडलेल्या दोन पानांवर माझी सही आहे. ती पानं तू शाल्वाच्या अंगणात माझ्या पायाशी टाकलीस तेव्हा मी म्हणाले होते, की आयोगाने विचारलेला प्रश्न सर्वसाधारण होता, अर्ज कोणाचा ते मला ठाऊक नव्हतं. तेच इथेही लिहिते.

पण पानं माझी आहेत, आणि ती परत घेण्यासाठी जे करावं लागेल ते मी करणार आहे. याबद्दल तुझी परवानगी मागत नाही.

डब्याच्या जागी वाटाणे पाठवते आहे, पुढच्या फेरीला, या पत्रासोबत.

दारो


आलवानी, ६ जानेवारी

ईमेदा,

गोचा म्हणाला, माझं पहिलं पत्र तू न उघडता चुलीत घातलंस. त्याच्यासमोर, तो चहा पीत असताना. मी विचारलं, काही बोलला का? तर म्हणे, "बोलला. लाकूड ओलं आहे, पेटायला कागद बरा, असं म्हणाला." ठीक आहे. हेही पेटायला उपयोगी पडलं तर पडो. मी लिहिणार.

उद्या, सात जानेवारीला, आपला नाताळ, म्हणून आईकडे आले आहे. ती बरी आहे. तुझ्या खाटेवर कोणाला बसू देत नाही. काल तिला ॲटलसचं ते पान दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

"ही लाल रेघ कसली?"

"इकडे आशिया, तिकडे युरोप. मुख्य कण्यावरून जाते."

"म्हणजे त्साकेरी?"

"युरोप."

"आणि हे माझं अंगण?"

"आशिया."

तिने चष्मा काढला. "पन्नास उन्हाळे मी युरोपात गाईंच्या धारा काढल्या आणि एकाही मेल्याने मला सांगितलं नाही! जरा बरा स्कार्फ तरी बांधला असता."

शेजारच्या तिन्ही बायका पोट धरून हसल्या. आता कोणी अंगणातून जायला लागलं की ती विचारते, "कुठे निघालात, युरोपात का?" पण सगळे गेल्यावर तिने मला विचारलं, "ही रेघ तू काढलीस?" मी म्हटलं, माझ्या आधीही होती, मी फक्त तशीच ठेवली. ती म्हणाली, "मग ठेवलीस कशाला?"

मी ॲटलस मिटला. खरं सांगायचं तर हा प्रश्न मी कितीतरी आधीपासून टाळते आहे.

तुला हसू येईल, पण माझं सगळं काम हेच आहे. 'पूर्व युरोप', 'निकटपूर्व', 'मध्य पूर्व', 'कॉकेशस' अशी नावं घेऊन बसायचं आणि कुठलं कुठे संपतं ते रंगाने दाखवायचं. कचेरीतल्या कपाटात जगभरचे बावीस ॲटलस आहेत. आपला देश कुठे युरोपच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात दाबलेला असतो, कुठे आशियाच्या पहिल्या पानावर, आणि दोन ॲटलसमध्ये तर पानाच्या घडीत गेला आहे. फुटबॉल आपण युरोपात खेळतो, आकडेवारीच्या तक्त्यात पश्चिम आशियात बसतो. अशा सैल नावांना खंडांच्या चौकटीत बसवताना कुठेतरी कापावं लागतं, कुठेतरी ताणावं लागतं. वीस वर्षं मी ते केलं आणि मला त्याचा अभिमान होता. रंग कधी रेघेबाहेर गेला नाही.

तुशेती हेही तसंच एक नाव. ते कुठे संपतं? आलवानीतल्या कोणालाही विचार, तू कुठला, तर तो त्याचं वरचं गाव सांगतो. नऊ महिने तो खाली राहतो, त्याची शाळा खाली, दवाखाना खाली, पण सांगतो वरचं. गेल्या खानेसुमारीत नोव्हेंबर महिन्यात कारकून दारात आला तेव्हा बाबांनी काय केलं होतं, आठवतं? "राहता कुठे?" "त्साकेरी." "पण आत्ता तर इथे आहात." "आत्ता हिवाळा आहे." त्याने बाबांना आलवानीच्या यादीतून खोडलं. त्साकेरीला कोणी मोजायला गेलंच नाही. पुढे औषधं घ्यायला गेले तेव्हा कळलं, बाबा कुठल्याच गावात राहत नव्हते. आपल्या गल्लीतली निम्मी घरं तशीच निघाली. आपण किती हसलो होतो.

आयोगाने तीच यादी पुढे धरली. खाली राहणारे डोंगरातले नाहीत, आणि डोंगरात तर कोणी राहतच नाही.

१६ एप्रिलला फेरसुनावणी आहे. मी अर्ज केला, मान्य झाला. मी जाणार आहे. आई म्हणते तीही येणार.

तिने विणलेले मोजे खोक्यात आहेत. ते तरी जाळू नकोस.

दारो


तिब्लिसी, २१ फेब्रुवारी

ईमेदा,

हे गोचा तुला सांगेलच, पण मी आधी लिहून ठेवते. म्हणजे बातमी माझ्या हाताने तुझ्यापर्यंत येईल.

आयोगाची माणसं येऊन गेली. परवा, मंगळवारी. धुक्यामुळे हेलिकॉप्टर फक्त सरहद्दीच्या ठाण्यावर उतरलं. तिथल्या पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं, "त्साकेरीत कोणी आहे का?" तो नवा होता, समुद्राकडचा. म्हणाला, "मला इथून धूर दिसत नाही." धुक्यात कसा दिसणार? पंधरा मिनिटांत ते परत फिरले. अहवालात लिहिलं आहे: "वस्ती आढळली नाही."

तू तिथून चार तासांच्या अंतरावर होतास. दोन कुत्री, एक घोडा, आणि साडेचार महिन्यांचा बर्फ.

मी हे वाचलं आणि कचेरीच्या जिन्यात जाऊन बसले. रडले नाही. रडायचा हक्क तुझा आहे. तिथे बसून मी ठरवलं, की पहिल्या पत्रात जे खोटं लिहिलं ते आता दुरुस्त करायचं. तू ते पत्र जाळलंस, म्हणजे खोटं तुझ्यापर्यंत पोचलंच नाही, असं मनाला समजावता आलं असतं. पण तेच खोटं मी तुझ्या तोंडावर अंगणातही बोलले होते.

मला ठाऊक होतं.

आयोगाचा लखोटा गेल्या मार्चमध्ये आला. प्रश्न एका ओळीचा होता: आलवानी आणि तुशेती हा भौगोलिकदृष्ट्या एक प्रदेश मानता येईल का? प्रश्न सर्वसाधारण, हे खरं. पण मागे अर्जांची यादी टाचलेली होती, आणि तिसरं नाव तुझं होतं. मी ते वाचलं. यादी पुन्हा टाचणीने नीट लावली. चहा केला. मग लिहायला बसले.

खंडांची सीमा कॉकेशसच्या मुख्य कण्यावरून जाते, आलवानी तिच्या दक्षिणेला, तुशेती उत्तरेला, ज्या दोन जागा दोन खंडांत आहेत त्यांना एक प्रदेश म्हणणं शास्त्राला धरून होणार नाही. दोन पानं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ती दोनदा तपासली आणि माझं मन अगदी स्वच्छ होतं, म्हणजे मी ते स्वच्छ ठेवलं होतं.

का, ते तुला कळलं असेल. चार वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये बाबा खिंडीत बर्फात बसले ते उठले नाहीत. तू त्यांना पाठीवर घेऊन खाली आणलंस. मी तिब्लिसीहून गाडीने आले, अंगणात बर्फाने काळे पडलेले तुझे हात पाहिले. आई तेव्हापासून ऑक्टोबरभर झोपत नाही. मला वाटलं, करार गेला तर मेंढरं विकावी लागतील. मेंढरं गेली की तू खाली राहशील, तेलावीत कुठेतरी नोकरी धरशील. दरवर्षी दोनदा ती खिंड ओलांडणार नाहीस. हे मी कोणाला म्हटलं नाही, स्वतःलाही पूर्ण वाक्यात म्हटलं नाही. मी फक्त एक रेघ तिच्या जागी ठेवली.

तुला दोन तास समजावणं मला जमलं नसतं. आयोगाला दोन पानं लिहिणं जमलं.

माफी मागत नाही, कारण मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. सुनावणीला जाते आहे. तिथे काय बोलायचं त्याची तयारी रोज करते. धूर मात्र रोज कर. गोचाने वचन दिलं आहे, पुढच्या फेरीला तो वळसा घालून त्साकेरीवरून जाईल आणि फोटो काढेल. पहाटे नको, दुपारी बाराला. भरपूर ओलं लाकूड घाल. तेवढ्यासाठी हे पत्रही घाल.

दारो


आलवानी, १७ एप्रिल

ईमेदा,

गोचा म्हणतो, तिसरं पत्र तू वाचलंस. मी विचारलं, कशावरून? "कारण वाचून झाल्यावर अर्धा तास शिव्या देत होता. न वाचता इतक्या नेमक्या शिव्या देता येत नाहीत." फोटो चांगला आला होता. धूर एवढा, की गोचाला वाटलं घर पेटलं.

कालचं सगळं लिहिते. तपशील गाळला तर पुन्हा तीच सवय.

एक लांब टेबल, मागे पाच जण, हीटर बंद. अध्यक्ष रेवाझसाहेब, वयस्कर, सभ्य, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणारे. शाल्वा नवा कोट घालून आला होता आणि घामाने भिजला होता. आई काळ्या कपड्यांत पहिल्या रांगेत.

फोटो मी आधी टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी तो बघितला, शेजाऱ्याला दिला आणि माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाले, "धूर आहे खरा. पण अहवाल अहवालाच्या जागी. प्रश्न प्रदेशाचा आहे. दारेजानबाई, गेल्या वर्षीचं मतही तुमचं आणि आजचंही तुमचंच. आम्ही कुठलं धरायचं?"

"गेल्या वर्षीचं अपुरं होतं."

"काय राहिलं होतं त्यात?"

मी सोबत नेलेला मोठा नकाशा भिंतीला लावला. चार रंगांच्या चार रेघा. युरोप आणि आशिया कुठे भेटतात याबद्दल भूगोलाची माणसं दोन-अडीच हजार वर्षं भांडत आहेत, आणि त्यांची ही चार मतं. पहिली रेघ पार उत्तरेला, मानिचच्या सखल भागातून. ती धरली तर त्साकेरी आणि आलवानी दोन्ही आशियात. दुसरी आपल्या दक्षिणेला, मत्क्वारी नदीवरून. सगळ्यात जुनी आहे. ती धरली तर दोन्ही युरोपात. तिसरी त्याहून खाली, देशाच्या दक्षिण सरहद्दीवरून. पुन्हा दोन्ही युरोपात. फक्त चौथी, कण्यावरची, दोघांना वेगळं करते.

"चारपैकी तीन रेघांनी ही दोन गावं एकाच खंडात पडतात," मी म्हटलं. "मी चौथीच सांगितली. बाकीच्या आहेत हेही लिहिलं नाही."

टेबलाच्या टोकाला एक तरुण वकीलबाई होती. हुशार. ती म्हणाली, "पण तुम्ही तुशेतीतले लोक स्वतःच ती चौथी रेघ पाळता ना? खिंडीपलीकडे डुकराचं मांस नेत नाही. खाली खाता, वर खात नाही. मग हद्द तुम्हीच मानलीत की."

मला डिसेंबरमधला डबा आठवला. हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. आणि प्रश्न खोटाही नव्हता. आपण खिंड मानतोच. क्षणभर वाटलं, म्हणावं की ती जुनी अंधश्रद्धा आहे. ते सोपं झालं असतं. पण ते खरं नाही. मीही मानते.

एवढ्यात आई उभी राहिली. "पोरी, लग्न झालंय का तुझं?"

"आजी, इथे—"

"आमच्या वरच्या घरात चुलीच्या एका अंगाला पुरुष बसतात, दुसऱ्या अंगाला बायका. नवी सून पहिल्या दिवशी शिकते. मी पन्नास वर्षांत त्या अंगाला बसले नाही. म्हणून काय ती दोन घरं झाली? मी शेजारच्या घरात राहत होते? मग ही पोरं कुठून आली?"

सगळे हसले. रेवाझसाहेबसुद्धा. शाल्वाने तोंडावर टोपी धरली. वकीलबाई लाल झाली, पण तिने काहीतरी लिहून घेतलं.

मी एवढंच म्हटलं, "परक्याच्या उंबऱ्यावर आपण नियम पाळत नाही, आत जातच नाही. खिंडीवर आम्ही नियम पाळतो, कारण पलीकडेही आम्हीच असतो."

मला वाटलं, झालं. तेव्हा अध्यक्षांनी घड्याळ बघायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. "एक समजत नाही. तुम्ही काळजीपूर्वक काम करणाऱ्या बाई आहात, तुमचा ॲटलस माझी नातवंडं वापरतात. तीन रेघा सोडून चौथीच का निवडलीत?"

उत्तरं अनेक देता आली असती. शाळेत तीच शिकवतात. कण्याची रेघ ठळक दिसते. दोन्ही खरी आहेत, आणि दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. ईमेदा, मला त्याच क्षणी कळलं की गेल्या वर्षीच्या मार्चमध्येही मी अशीच खरी वाक्यं निवडत बसले होते.

"यादीतला तिसरा अर्जदार माझा भाऊ आहे," मी म्हटलं. "ते मला लिहिताना माहीत होतं. त्याने मेंढरं सोडावीत असं मला वाटत होतं."

 मग वकीलबाईने हलकेच अध्यक्षांच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि ते पाचही जण आत गेले. वीस मिनिटांनी आले.

निकाल असा. अर्जदाराच्या सख्ख्या बहिणीने नातं लपवून दिलेलं मत ग्राह्य नाही. गेल्या वर्षीचं नाही, आणि आजचंही नाही. दोन्ही रद्द. त्या मतावर उभे असलेले सगळे निर्णय स्थगित. बाहेरच्या तज्ज्ञाचं नवं मत येईपर्यंत जुने करार चालू राहतील. म्हणजे हा उन्हाळा तरी कुरण तुझं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा भांडावं लागेल. नवा तज्ज्ञ कुठली रेघ धरेल ते कोणास ठाऊक. माझा चार रंगांचा नकाशा त्यांनी गुंडाळून मला परत दिला. शाल्वाने मला बाहेर उचलून फिरवलं आणि आपल्या नव्या कोटाची बाही उसवली.

माझं नाव तज्ज्ञांच्या यादीतून काढलं आहे. प्रकाशनसंस्थेनेही आज सकाळी फोन केला. फार सौजन्याने बोलले. नवी आवृत्ती दुसरं कोणीतरी बघेल. त्यात रेघ कुठे असेल ते मी विचारलं नाही.

गोंबोरीचा घाट चढून होईपर्यंत आई गाडीत डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, मी आयोगासमोर बोलले ते तिला लागलं असेल. उतरताना म्हणाली, "माझ्या झोपेसाठी तू त्याची मेंढरं विकायला निघालीस?"

"आई, तू ऑक्टोबरभर जागी असतेस."

"मग? मी जागीच असते. माझी आई असायची, तुझ्या बाबांची आई असायची. ते काही दुखणं आहे का, औषध शोधायला?"

मग खिडकीकडे तोंड वळवून म्हणाली, "मला विचारायचंस तरी."

तुलाही विचारायला हवं होतं. ते आता विचारते, आणि एवढंच विचारते. जूनमध्ये कळप खिंडीकडे निघेल तेव्हा मला यायचं आहे. लहानपणी मी मागे चालायचे, दमलेली कोकरं उचलायला. कळपाची मागची बाजू मला दे.

बोललं पाहिजे असं नाही.

दारो


आलवानी, ८ मे

ईमेदा,

तुझा निरोप मिळाला. गोचाने तो तुझ्या आवाजात म्हणून दाखवला, आईसमोर: "तिला सांगा, कळपामागे शेण असतं, शहरातले बूट चालणार नाहीत."

सात महिन्यांनी तुझ्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य. आईने ते त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि त्याला पनीर बांधून दिलं.

बूट घेतले. तेलावीच्या बाजारातून, मेंढपाळ घेतात तेच, रबराचे, गुडघ्यापर्यंत. दुकानदार म्हणाला, "कोणासाठी? नवऱ्यासाठी?" म्हटलं, माझ्यासाठी. "कुठे जाणार?" आई शेजारी होती, म्हणून मला उत्तर द्यायची संधी मिळाली नाही. "युरोपात," ती म्हणाली. रोज संध्याकाळी ते घालून नदीपर्यंत जाते आणि येते. टाचेला फोड आला आहे, त्यावर तुझ्यासाठी घेतलं होतं तेच मलम लावते.

गोचाच्या परतीच्या फेरीत खाली ये. शाल्वा शिराकीहून निघाला आहे, वीस तारखेच्या सुमारास इथे पोचेल. कोकरं यंदा चांगली आहेत म्हणतो. खिंडीचा रस्ता जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडेल. खोक्यांमधला प्रत्येक डबा मी वाचून बघितला आहे.

बाबांचा एक नियम होता. खिंडीत पोचलं की जागा बदलायच्या. चढताना मागे राहिलेला उतरताना पुढे. त्यांना कारण विचारलं की म्हणायचे, मागे राहणाऱ्याने धूळ खाल्ली, आता त्याला आधी गाव दिसू दे. त्यामुळे दर उन्हाळ्यात त्साकेरीचे बुरूज सगळ्यांत आधी मला दिसायचे आणि तू चिडायचास.

बाबा जिथे बसले ते ठिकाण रस्त्याच्या उजव्या हाताला आहे, शाल्वाने मला सांगितलं. तिथे मी थांबेन. कळप थांबवू नकोस, मी गाठेन.

वर पोचल्यावर जागा बदलायच्या की नाही ते तू ठरव. बदलायच्या नसतील तर हाक मारू नकोस. मी मागे असेन.

दारो